गॅरेजमधलं जास्तीचं सॉकेट: एका रो-हाऊसचं प्रकरण

पुण्याच्या पश्चिम उपनगरातलं २००३ सालचं रो-हाऊस. पुढच्या बाजूला शटरचं गॅरेज. आत एक स्विचबोर्ड, त्यावर दोन बटणं आणि एक ६ अँपिअरचं पाच पिनांचं सॉकेट. एक बटण आतल्या ट्यूबलाइटचं, दुसरं फाटकाच्या खांबावरच्या दिव्याचं. घरात इलेक्ट्रिक स्कूटर आली आणि गाडी धुवायचा प्रेशर वॉशरही आला. दोन्हींचे प्लग १६ अँपिअरचे, जाड पिनांचे. मागणी साधी होती: आहे त्याच बोर्डातून वायर काढून शेजारी १६ अँपिअरचं सॉकेट बसवायचं. आधी येऊन गेलेल्या वायरमनने सांगितलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायला लागली तर मोठी टाकू.

गॅरेजच्या वायरिंगची वाट लागते ती याच वाक्याने. एमसीबी यंत्रासाठी नसते, भिंतीतल्या वायरसाठी असते. वायर तीच ठेवून ६ च्या जागी १६ ची एमसीबी टाकली की वायरचा राखणदार गेला. त्यामुळे सॉकेट कुठलं घ्यायचं हा प्रश्न नंतरचा. डीबीपासून (घराच्या मुख्य वितरण पेटीपासून) बोर्डापर्यंत भिंतीत काय पुरलं आहे, ते आधी पाहायचं.

भार किती

स्कूटरच्या चार्जरवर ७५० वॅट छापलेलं, वॉशरवर १६०० वॅट. दोन्ही एकदम चालले तर २३५० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १०.२ अँपिअर. वॉशरची मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढते, पण वायर तापण्याच्या हिशेबात तो क्षण धरत नाहीत. तो एमसीबी निवडताना धरतात.

नुसती स्कूटर असती तर? ७५० वॅट म्हणजे ३.३ अँपिअर. आहे त्या ६ अँपिअरच्या सर्किटवर हे चालतं. पण सॉकेट भिंतीवर आलं की त्यात काय घुसेल ते कोणाच्या हातात राहत नाही. आज स्कूटर, उद्या वॉशर, परवा वेल्डिंगवाल्याचं मशीन. सॉकेटवर १६ लिहिलं असेल तर मागची वायरही १६ ची हवी.

बोर्ड उघडण्याआधी

मेन स्विच बंद केला. या घरात इन्व्हर्टर आहे, तोही बंद करून त्याचा प्लग काढला. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टर दिव्यांच्या लाइनीत वीज सोडत राहतो, आणि गॅरेजचा दिवा अनेक घरांत त्याच लाइनीवर असतो. इथे नव्हता, पण ते तपासल्यावरच कळलं. वीज नाही याची खात्री मल्टीमीटरने तीन टप्प्यांत केली: वीज नक्की आहे अशा जागी मीटर दाखवतो का, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा त्या पहिल्या जागी. मधल्या टप्प्यात शून्य दिसलं ते वीज नाही म्हणून, मीटरची बॅटरी संपली म्हणून नव्हे, हे तिसऱ्या टप्प्यात ठरतं. निऑनच्या टेस्टरवर इथे भरवसा ठेवू नये. प्लास्टिकच्या चपला घालून सुक्या स्टुलावर उभ्या माणसाच्या हातात तो फेजवरही मंद पेटतो.

बोर्डातल्या वायरवर छपाई पुसट झालेली होती. मग टोक सोलून तारा मोजल्या: ०.३ मिमीच्या १४ तारा. म्हणजे १ चौरस मिमी. ०.३ मिमीच्याच तारा असतील तर २२ तारांची वायर दीड चौरस मिमीची, ३६ ची अडीचची आणि ५६ ची चारची. जुने वायरमन अजून ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ म्हणतात. ती जुन्या गेजची मापं. तीन बावीस म्हणजे जेमतेम १.२ चौरस मिमी आणि सात वीस म्हणजे साडेचारच्या आसपास. ऐकून घ्यावं, पण तारा मोजाव्यात.

डीबीपासून बोर्डापर्यंत १४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २८ मीटर वायर. १ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला १९.५ ओहम, त्यामुळे या फेऱ्याचा ०.५५ ओहम. १०.२ अँपिअरला व्होल्टेज साडेपाच व्होल्टनी पडेल, म्हणजे अडीच टक्के. हे खपून जाईल असं वाटतं आणि बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो. पण त्याच वायरमध्ये ५७ वॅट उष्णता तयार होते, तीही प्लास्टरखाली, स्लॅबमधल्या पाइपात, जिथून ती लवकर बाहेर पडत नाही. ३० मीटर असती तर व्होल्टेज पडण्याचीही तक्रार आली असती. गॅरेज घराला चिकटून असलं की व्होल्टेज ठीक दिसतं आणि वायर मुकाट्याने भाजत राहते.

मीटरवरचं शून्य

बोर्ड बंद करून वीज चालू केली आणि त्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर व्होल्टेज घेतलं. फेज-न्यूट्रल २२९, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ ०. कागदावर उत्तम. मग १००० वॅटची इस्त्री लावून पुन्हा पाहिलं. फेज-न्यूट्रल २२६, आणि न्यूट्रल-अर्थ तरीही ०.०.

हे शून्य चुकीचं आहे. इस्त्रीचे सव्वाचार अँपिअर न्यूट्रलच्या १४ मीटर वायरमधून परत जातात. तिचा रोध ०.२७ ओहम, म्हणजे न्यूट्रलच्या या टोकाला सव्वा व्होल्टच्या आसपास यायलाच हवेत. अर्थच्या वायरमधून करंट जात नसतो, त्यामुळे तिथे काही चढत नाही. भार असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात थोडं व्होल्टेज दिसणं ही निरोगी वायरिंगची खूण आहे. काहीच दिसत नसेल तर दोन्ही त्याच सॉकेटवर जोडलेले असण्याची शक्यता जास्त.

पुन्हा वीज बंद करून सॉकेट बाहेर ओढलं. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या पिनेपर्यंत काळ्या वायरचा बोटभर तुकडा घातलेला होता. डीबीकडून आलेली हिरवी वायर पाइपातून बॉक्सपर्यंत पोहोचली होती, पण तोंडाशीच तुटलेली. स्क्रूपर्यंत पुरत नव्हती म्हणून ती आत कोंबून न्यूट्रलमधून ‘अर्थ’ केलं होतं.

त्याच अर्थ पिनेवरून दुसरी हिरवी वायर फाटकाच्या दिव्याकडे गेली होती. दिव्याची लोखंडी पट्टी फाटकाच्या लोखंडी खांबाला बोल्टने आवळलेली, आणि खांब जमिनीत पुरलेला. म्हणजे न्यूट्रल खांबावाटे थेट मातीत उतरला होता.

डीबीतलं कोडंही यातूनच सुटलं. घराला ४० अँपिअर, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) आहे. पण गॅरेजची ६ अँपिअरची एमसीबी आणि तिचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच, मेन स्विचच्या वीज बाहेर पडणाऱ्या टोकांवरून घेतलेले. पावसाळ्यात आरसीसीबी सारखी पडायची, म्हणून कोणीतरी गॅरेज वगळलं होतं, एवढं घरच्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात का पडत नव्हती? रस्त्यावरून येणारा न्यूट्रल मातीच्या तुलनेत नेहमीच एखाद-दोन व्होल्ट वर असतो. कोरड्या मातीत खांबाचा रोध जास्त, त्यातून करंट नगण्य. माती भिजली, रोध ५० ओहमवर आला, की २ व्होल्टलाही ४० मिलीअँपिअर जमिनीत जातात. तेवढा करंट आरसीसीबीतून गेला पण परत आला नाही, आणि ३० ची आरसीसीबी पडली. ती बरोबरच काम करत होती. काढायचा होता तो बोटभर तुकडा, आणि काढली गेली आरसीसीबी.

हे नुसतं अडाणी काम म्हणून सोडून देता येत नाही. डीबी ते गॅरेज न्यूट्रल कुठे तुटला असता तर ट्यूबलाइटमधून आलेला फेज त्या तुकड्यावाटे सॉकेटच्या अर्थ पिनेवर, तिथे लावलेल्या यंत्राच्या अंगावर आणि लोखंडी फाटकावर चढला असता. एमसीबी पडली नसती, कारण करंट दिव्याएवढाच. आणि आरसीसीबी तर आधीच वगळलेली.

तीन वाटा

पहिली वाट जुन्याच बोर्डातून लूप घ्यायची. ती वरच्या हिशेबाने बाद झाली.

दुसरी वाट मोहात पाडणारी होती. गॅरेजच्या मागच्या भिंतीपलीकडे वॉशिंग मशीनचं १६ अँपिअरचं सॉकेट आहे. भिंतीत एक आरपार भोक पाडलं की दहा मिनिटांत गॅरेजला पॉवर. वायर अडीच चौरस मिमी, एमसीबी १६ ची. पण मशीनच्या पाणी तापवण्याच्या हीटरला २००० वॅट लागतात. त्यात वॉशर आणि स्कूटरचे २३५० मिळवले की १९ अँपिअर. १६ ची एमसीबी प्रमाणानुसार १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअरपर्यंत तासभर न पडता राहिली पाहिजे, आणि १.४५ पटीला, २३ अँपिअरला, तासाच्या आत पडली पाहिजे. १९ अँपिअर बरोबर मधल्या धूसर पट्ट्यात येतात. कधी पडेल, कधी नाही. रविवारी सकाळी धुणं आणि गाडी एकदम निघाली की पहिल्या सॉकेटचे स्क्रू दोघांचा भार वाहणार. घरात मशीन बिनहीटरचं असतं तर हा पर्याय चालला असता.

तिसरी वाट डीबीपासून स्वतंत्र सर्किट आणण्याची. आधी जुन्या पाइपातून नवी वायर ओढता येते का ते पाहिलं. एका टोकाला जुनी काळी वायर हलकेच ओढायची आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने हात लावून बघायचं. ती सरकली तर तिलाच बांधून नवी ओढता येते. इथे वायर जागची हलली नाही. फिश वायर (पाइपातून सारायची ताठ तार) घातली ती नवव्या मीटरला अडली, बहुधा स्लॅबच्या बेंडमध्ये सिमेंटचं पाणी शिरून गोठलेलं. जोर लावून जुनी वायर अर्धवट तुटली तर दिवाही गेला, म्हणून तो नाद सोडून वरून पाइप टाकायचं ठरलं. यात एक फायदाही झाला. दिव्याचं सर्किट वेगळं राहिलं. रात्री सॉकेटचं ट्रिप झालं तरी गॅरेजात अंधार होत नाही.

कायद्याची बाजू एका वाक्यात: दिवा, फ्यूज, बटण बदलणं वेगळं, पण असलेल्या वायरिंगमध्ये भर घालणं हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचं काम आहे. वीजबिलावरचा मंजूर भारही त्याच वेळी पाहून घ्यावा. गीझर, एसी आणि हे सॉकेट एकदम चालल्यावर तो ओलांडला जात असेल तर वाढवून घ्यायचा अर्ज करावा.

काय घेतलं आणि का

वायर ४ चौरस मिमी, तांब्याची. अडीच का नाही? पाइपातल्या दोन भारवाही वायरींसाठी तक्त्यांत अडीचला २४ अँपिअर आणि चारला ३२ अँपिअर दिलेले असतात, पण ते भोवतालच्या ३० अंश तापमानाला. पश्चिमेच्या उन्हातलं पत्र्याचं शटर आणि छज्जाखालचा पाइप धरून इथे ५० अंश गृहीत धरले. तिथे साध्या पीव्हीसी वायरला ०.७१ ने गुणावं लागतं: अडीचचे १७ उरतात, चारचे पावणेतेवीस. सतरा म्हणजे सोळाला जेमतेम पुरतात. स्कूटर तासन्तास चार्ज होत राहते, त्यामुळे जेमतेम नको होतं. चारच्या वायरचा रोध किलोमीटरला ४.९५ ओहम, म्हणून १०.२ अँपिअरला व्होल्टेज फक्त १.४ नी पडतं आणि उष्णता ५७ वॅटवरून साडेचौदावर येते.

लांबी १४ मीटर, दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्त. लाल १६ मीटर, काळी १६ मीटर, हिरवी १६ मीटर. हिरवी पातळ घेऊन पैसे वाचवायचा मोह असतो, पण या मापांत अर्थची वायर फेजएवढीच हवी. दुकानात पूर्ण बंडल ९० मीटरचं येतं, पण मीटरवर कापून देणारे आहेत.

पाइप २५ मिमी पीव्हीसी, ३ मीटरच्या पाच नळ्या. तीन वायरींना २० मिमीचाही पुरला असता, पण चारची वायर बेंडमधून ओढताना २० मध्ये हाताची सालं निघतात. लांब वळणाचे चार बेंड, काटकोनी एल्बो नाही. मध्ये एक तपासणीचा बॉक्स. दर ६० सेंमीला एक सॅडल (पाइप भिंतीला धरणारी पट्टी), त्यामुळे २४ सॅडल, आणि तेवढ्याला पुरतील असे स्क्रू व रावल प्लग.

संरक्षणाला १६ अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच), सी कर्व्हचा. कर्व्ह म्हणजे किती पट करंटला तो झटक्यात पडतो ते. वॉशरच्या मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याने बी कर्व्हचा तीन ते पाच पटींतच पडू शकतो, सी पाच ते दहा पटींपर्यंत थांबतो. २० अँपिअरचा घ्यायचा नाही. वायरला २० सोसतात, पण सॉकेट १६ चं आहे. शिवाय टाइप ए घेतला. त्याच्या अंगावर लहरीच्या खुणेखाली अर्ध्या लहरींचे उंचवटे छापलेले असतात, टाइप एसीवर नुसती लहर असते. चार्जर आत एसीचं डीसी करतो. त्यात गळती झाली तर ती तुटक डीसीची असू शकते, आणि टाइप एसी तिला ओळखेलच असं नाही.

नुसती एमसीबी का पुरत नाही, याचं उत्तर अर्थिंगमध्ये आहे. या घराचा अर्थ स्वतःच्या खड्ड्याचा, मापला तेव्हा ३ ओहम. डीपीचा (रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा) अर्थ आणि वायर मिळून सगळा फेरा ५ ओहम धरा. यंत्राच्या अंगाला फेज लागला तर ४६ अँपिअर वाहतील. ऐकायला मोठा आकडा, पण सी१६ एमसीबी झटक्यात पडायला १६० अँपिअरपर्यंत लागू शकतात. ४६ वर ती तापून पडेल, आणि त्याला कितीतरी सेकंद जातील. ओल्या फरशीवर उभ्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

सॉकेट घेताना दुकानातच त्याचे स्क्रू सैल करून वायरचा सोललेला तुकडा घालून पाहिला. स्वस्त सॉकेटात चारची वायर शिरत नाही. मग जागेवर दहा-बारा तारा छाटून उरलेल्या आत घातल्या जातात, आणि सगळ्या करंटची वाट त्या स्क्रूपाशी अरुंद होते. महिन्याभरात फेजच्या पिनेभोवती तपकिरी डाग, मग माशासारखा वास, मग वितळलेलं प्लास्टिक. ‘सॉकेट जळलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत ही छाटणी हमखास सापडते.

काम

सॉकेटची जागा जमिनीपासून १.२ मीटरवर. पाण्याचे फवारे हे एक कारण. दुसरं पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत साचते, आणि बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडतेच. स्कूटर जिथे उभी राहते तिथूनच चार्जरची वायर पोहोचली पाहिजे, नाहीतर एक्स्टेन्शन बोर्ड येतो आणि सगळी मेहनत वाया. चार्जरच्या ठोकळ्यासाठी शेजारी एक छोटी फळी ठोकली, कारण तो सॉकेटातून लटकत राहिला की पिना सैल होतात.

मार्ग असा: डीबीपासून छतापर्यंत १ मीटर, भिंतीतून पोर्चमध्ये, छज्जाखालून ६ मीटर, भिंतीतून गॅरेजात, ५ मीटर आडवा, मग खाली. भिंतीतली भोकं बाहेरच्या बाजूला किंचित उतरती पाडली, नाहीतर पावसाचं पाणी पाइपाच्या अंगावरून आत येतं. बाहेरचा पाइप उन्हात ठिसूळ होतो, म्हणून त्याला बाहेरच्या भिंतीचा रंग दिला. पाइप वरून थेट बॉक्सच्या डोक्यात घातला नाही. बाजूने खाली उतरवून वळवला आणि बॉक्समध्ये खालून, ग्लँडमधून घेतला. पाणी उतारावर जातं, वायरवर चढत नाही.

वायर ओढून झाल्यावर सॉकेटच्या जोडण्या. समोरून पाहताना वरची मोठी पिन अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. बटण फेजमध्ये. प्रत्येक स्क्रूखाली एकच वायर, सोललेला भाग स्क्रूच्या खोलीएवढाच, बाहेर तांबं दिसता कामा नये.

डीबीत आरसीबीओने दोन खाने घेतले. त्याला वीज दिली मेन स्विचच्या वीज बाहेर पडणाऱ्या टोकांवरून, आरसीसीबीच्या आधी. गंमत अशी, की जुनं गॅरेज जिथून चुकीचं घेतलं होतं तीच जागा इथे बरोबर ठरली. कारण आता या सर्किटचं गळतीसंरक्षण त्याच्या स्वतःच्या आरसीबीओत आहे. दोन ३० मिलीअँपिअरची उपकरणं एकामागे एक लावली असती तर गॅरेजातल्या गळतीने कोणतं पडेल याचा नेम नसता आणि कधी सगळं घर अंधारात गेलं असतं. आरसीबीओमधून बाहेर पडणारा न्यूट्रल थेट गॅरेजात जातो. तो डीबीच्या सामायिक न्यूट्रल पट्टीवर नेला तर भार लावताक्षणी पडतो, आणि मग ‘आरसीबीओ खराब आहे’ म्हणून दुकानात परत जातो.

जुन्या बोर्डातला काळा तुकडा काढला. तुटलेल्या हिरव्या वायरला स्क्रू कनेक्टरने हातभर हिरवी जोडून ती अर्थच्या पिनेवर आणली. पिळून वर टेप मारली नाही. दिव्याची एमसीबी आणि तिचा न्यूट्रल, दोन्ही आरसीसीबीच्या नंतर हलवले. एमसीबी ६ चीच राहिली.

तपासण्या

आधी वीज बंद असताना. डीबीच्या अर्थ पट्टीपासून नव्या सॉकेटच्या पिनेपर्यंत लांब वायर लावून रोध ०.१ ओहम. जुन्या बोर्डापर्यंत ०.३ ओहम, ०.२७ च्या हिशेबाशी जुळणारा. मग आरसीबीओ वेगळा करून ५०० व्होल्टचा मेगर (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र): नव्या सर्किटवर तिन्ही जोड्यांत २०० मेगाओहमच्या वर. जुन्या दिव्यांच्या सर्किटवर मात्र ०.४ मेगाओहम, आणि किमान १ हवा. ट्यूबलाइट वेगळी केली, फरक नाही. फाटकाचा दिवा वेगळा केला आणि आकडा ६० वर गेला. दिव्याच्या तळात मागच्या पावसाचं पाणी आणि मुंग्यांची माती. एवढ्या गळतीने ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी एकट्याने पडत नाही, २३० व्होल्टला जेमतेम अर्धा मिलीअँपिअर. पण ती पावसात वाढतच जाते. दिवा बदलला, वायर खालून घेतली. एलईडीचे दिवे मेगर लावण्याआधी सुटे करावेत, नाहीतर आतला ड्रायव्हर जातो.

वीज चालू केल्यावर आरसीबीओ टेस्टरने २३ मिलीअँपिअरला पडला. १५ ते ३० च्या मध्ये, म्हणजे ठीक. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, पण ते फक्त आतली यंत्रणा तपासतं. अर्थची वायर तुटलेली असली तरी बटणाने तो पडेलच, म्हणून बटण दाबून अर्थिंगची खात्री करू नये.

शेवटी भार. स्कूटर आणि वॉशर अर्धा तास एकदम. डीबीत २३१ व्होल्ट, सॉकेटवर २२९. वीज बंद करून सॉकेटच्या तोंडाला आणि वॉशरच्या प्लगला हात लावला: सॉकेट कोमट, प्लगची फेजची पिन किंचित जास्त गरम. पिना पॉलिश पेपरने घासल्यावर फरक गेला. इस्त्री लावून न्यूट्रल-अर्थचं ते जुनं मोजमापही पुन्हा घेतलं. जुन्या सॉकेटवर आता १.३ व्होल्ट.

मालकांचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता, उद्या इलेक्ट्रिक कार आली तर? कारबरोबर येणारा छोटा चार्जर १५ अँपिअर घेतो आणि रात्रभर घेतो. वायर तो सोसेल, पण घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटच्या पत्र्या रोज आठ तास त्या मर्यादेवर चालवण्यासाठी नसतात. त्या वेळी या जागी निळं औद्योगिक सॉकेट घालावं आणि वॉशरला वेगळी सोय करावी. भिंतीवरचा ७ किलोवॅटचा चार्जर हवा असेल तर तो ३२ अँपिअरचा. त्याला ही वायर चालणार नाही, डीबीपासून नवी जाड वायर आणि वेगळं संरक्षण लागेल.

डीबीच्या झाकणावर पट्टी चिकटवली: ‘गॅरेज सॉकेट, १६ अँ., ४ चौ.मिमी.’ पुढच्या वायरमनला एमसीबी बदलावीशी वाटली तर वायरचं माप डोळ्यांसमोर असावं म्हणून. तीन आठवड्यांनी वीज बंद करून सॉकेट एकदा पुन्हा उघडलं. बारीक तारांची वायर स्क्रूखाली दबून बसते आणि पहिल्या काही दिवसांत पकड थोडी सैल होते. न्यूट्रल घट्ट होता. फेजच्या स्क्रूने आणखी पाव आटा घेतला.